सवळ पाणी आणि घरातली यंत्रं : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न पाण्याचे आहेत. अथणी, रायबाग, चिकोडी भागात ज्याला आपण 'सवळ पाणी' म्हणतो, त्याला कानडी शेजारीही 'सवळु नीरु' म्हणतात. मात्र या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक खारटपणा, म्हणजे मीठ. दुसरं काठिण्य, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. गीझर, वॉशिंग मशीन, सोलर यांवर पांढरा थर धरतो तो दुसऱ्यामुळे. चवीला गोड लागणारं पाणीही चांगलंच कठीण असू शकतं. म्हणून जिभेवर विसंबून यंत्र खरेदी करू नका.

प्रश्न : १५ लिटरचा गीझर आहे. दोन वर्षांत तीन वेळा कॉइल गेली. मेकॅनिक म्हणतो, कंपनी बदला. प्युरिफायर विकणाऱ्याने पाणी तपासून 'टीडीएस ४८०, म्हणजे ठीक आहे' असं सांगितलं. मग कॉइल का जाते? — गृहिणी, अथणी

उत्तर : टीडीएसचं पेनासारखं मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. त्यात मीठ किती आणि चुना किती हे ते सांगू शकत नाही. सॉफ्टनरमधून, म्हणजे काठिण्य काढणाऱ्या यंत्रातून, काढलेल्या पाण्याचं काठिण्य जवळजवळ शून्यावर येतं, तरी त्याचा टीडीएस होता तेवढाच राहतो. तेव्हा ४८० हा आकडा तुमच्या गीझरबद्दल काहीच सांगत नाही. काठिण्य वेगळं मोजावं लागतं.

त्यासाठी थेंबांचा किट मिळतो. ठरावीक पाणी घ्यायचं, रंगाची पूड घालायची, पाणी वाइनसारखं लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत घालायचे. रंग निळा झाला की थांबायचं आणि थेंबांची संख्या किटवर दिलेल्या आकड्याने गुणायची. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना पाणी तपासणीचे किट दिलेले आहेत, तिथेही विचारा. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याचं काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. ही मर्यादा पिणाऱ्यासाठी आहे. गीझरला २०० सुद्धा पुरेसं त्रासदायक असतं.

आता एक लिटर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या, वरचं निवळ पाणी पुन्हा तपासा. जेवढं काठिण्य कमी झालं तेवढं 'तात्पुरतं', आणि तेच तुमची कॉइल खातं. कॅल्शियम बायकार्बोनेट थंड पाण्यात विरघळून राहतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुन्याचा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सुटा होतो. ६० अंशांच्या वर हे झपाट्याने होतं. पाण्यात सर्वांत गरम जागा कॉइलची, म्हणून थर आधी तिच्यावर.

हिशेब करून पाहा. तात्पुरतं काठिण्य लिटरला ३५० मिलिग्रॅम आणि रोज १०० लिटर गरम पाणी धरलं, तर दिवसाला ३५ ग्रॅम चुना गीझरमधून जातो, वर्षाला पावणेतेरा किलोच्या आसपास. त्याचा दहावा भाग जरी आत राहिला तरी सव्वा किलो होतो. पंधरा लिटरच्या टाकीत तो कुठे मावायचा?

थरामुळे वीजबिल दुप्पट होतं असं सर्रास सांगतात. विजेच्या गीझरबाबत ते खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फक्त थराआडून जायला वेळ लागतो आणि तोवर कॉइलची नळी आतून भलतीच तापते, तडकते. खरं नुकसान हे आहे, आणि धोकाही. तडकलेल्या नळीतून वीज पाण्यात उतरते. त्यामुळे अर्थिंग नीट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय कठीण पाण्यावर गीझर चालवूच नका. (गॅस गीझर किंवा चुलीवरच्या भांड्याचं वेगळं. तिथे थर धरला की उष्णता धुराबरोबर बाहेर जाते, म्हणून जळण खरंच वाया जातं.)

कंपनी बदलून हे थांबणार नाही. वर्षातून एकदा, पाणी फारच कठीण असेल तर सहा महिन्यांनी, गीझर उघडून साफ करून घ्या. वायरमनकडून करवलं तरी क्रम माहीत असू द्या. आधी एमसीबी पाडायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पाणी गार होऊ द्यायचं. गार पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ उघडा ठेवायचा, म्हणजे आत हवा जाईल. गार पाण्याच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह सोडवला की टाकी रिकामी होते. खालचं झाकण काढून वायरींचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, मग वायरी सोडवून नट काढायचे आणि कॉइल असलेली चकती अलगद उतरवायची. टाकीतला गाळ आणि खपल्या हाताने काढायच्या. आत लोखंडी वस्तूने खरवडू नये. काचेच्या मुलाम्याला टवका गेला की टाकी तिथूनच गंजते.

कॉइलसाठी प्लॅस्टिकच्या बादलीत ५ लिटर कोमट पाणी आणि २५० ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड. वायरींची टोकं पाण्याबाहेर ठेवून कॉइल दीड-दोन तास बुडवायची. बुडबुडे यायचे थांबले आणि थर अजून उरला असेल, तर द्रावण संपलं असं समजा. १०० ग्रॅम थराला साधारण १३० ते १४० ग्रॅम लिंबूसत्व लागतं. नवं करून पुन्हा बुडवा. संडास धुण्याचं अॅसिड वापरू नका. ते थराबरोबर धातूही खातं.

त्याच चकतीवर मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, त्याला अॅनोड म्हणतात. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम. दुरुस्तीत बहुतेक वेळा तिकडे कुणी पाहतच नाही. निम्म्याहून बारीक झाला किंवा आतली तार दिसू लागली तर बदला. रबरी गॅस्केट दर वेळी नवं घाला आणि नट समोरासमोरचे आवळत जा, म्हणजे दाब सारखा बसतो. जोडल्यावर आधी पाणी भरा, गरम नळातून अखंड धार येऊ द्या आणि मगच एमसीबी चढवा. कोरड्या टाकीत नवी कॉइलही काही मिनिटांत जळते.

थर्मोस्टॅट ७५ वरून ५५ च्या आसपास आणा. नवी कॉइल घेताना तांब्याऐवजी इन्कोलॉय या निकेलच्या मिश्रधातूची मागा. ती उष्णता आणि क्षार जास्त सोसते.

आणि आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडे नळाला नदीचं पाणी येत असेल आणि बोअरही असेल, तर दोन्ही एकाच टाकीत सोडू नका. वर २०० लिटरची छोटी टाकी नदीच्या पाण्यासाठी वेगळी बसवा आणि तिथून फक्त गीझर, वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघराला लाइन द्या. संडास, अंगण, गाड्या यांना बोअर. काळ्या जमिनीखालच्या कातळातून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यापेक्षा नदीचं पाणी सहसा बरंच हलकं असतं. टाकी आणि पाइप यांचा हा खर्च एकदाच होतो, आणि पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन आहे. पांढरे कपडे राखाडी पडतात, टॉवेल पापडासारखे कडक होतात. पावडर वाढवली तरी फरक नाही. धुण्याचा सोडा घालावा का? — वाचक, निपाणी

उत्तर : कठीण पाण्यात साबण आधी चुन्याशी भिडतो आणि त्याचा चिकट, न विरघळणारा साका होतो. त्यानंतर उरलेला साबण फेस देतो. काठिण्य ४०० असलेल्या दहा लिटरच्या बादलीत फेस येण्याआधीच सुमारे २४ ग्रॅम साबण असा फुकट जातो. हा साका धाग्यात बसतो, तेच राखाडीपण आणि तोच कडकपणा. म्हणून मशीनच्या आधी कॉलर-बाह्यांना धुण्याची वडी घासत असाल तर ती थांबवा. त्याऐवजी पावडरचीच पेस्ट लावा. डिटर्जंटचा असा साका होत नाही, त्याची फक्त ताकद कमी होते.

सोडा घालू नका. सोड्याने चुना पाण्यातून निघतो हे खरं, पण तो बारीक चुरा होऊन कपड्यांवर आणि ड्रमवर बसतो. बादलीत धुताना वरचं पाणी निवळून घेता येतं, मशीनमध्ये ती सोय नाही. पावडरच्या पाकिटावर कठीण पाण्याचं माप वेगळं दिलेलं असेल तर ते पाळा, त्याहून जास्त नको. जास्तीची पावडर खळबळून निघत नाही आणि टॉवेल आणखी कडक होतात. एक वेळ जास्तीचं खळबळणं लावलं तर फरक दिसेल.

मशीनसाठी दर तीन महिन्यांनी ड्रम रिकामा ठेवून त्यात १०० ते १५० ग्रॅम लिंबूसत्व घाला आणि ६० अंशांवर एक पूर्ण फेरी चालवा. ९० वर नको. फार गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि एक थर काढताना दुसरा बसतो. त्या फेरीत किंवा लगेच नंतर ब्लीच घालू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. पाणी सावकाश भरत असेल तर मागच्या पाइपच्या तोंडाशी असलेली जाळी पक्कडीने ओढून काढा आणि ब्रशने घासा. 'मशीन बिघडलं' या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

रोजचे कपडे गार पाण्यात धुतले तर आतल्या हीटरवर थर जवळजवळ धरतच नाही. वरून झाकण असलेल्या आणि हीटर नसलेल्या मशीनला चुन्याचं भय फार नाही. तिथे टबच्या मागे जमतो तो साबणाचा साका.

प्रश्न : गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सोलर आहे, पाच वर्षं झाली. पाणी पूर्वीसारखं तापत नाही आणि उन्हाळ्यात दोन नळ्या फुटल्या. — वाचक, सौंदत्ती

उत्तर : नळ्यांच्या तळाशी चुन्याचा गाळ साचला आहे. नळी खालून भरत आली की तेवढा भाग ऊन घेतो पण पाणी फिरवत नाही. नळ्या फुटण्याचं नेहमीचं कारण वेगळं आहे. दुपारी टाकी रिकामी होते, कोरड्या नळ्या प्रचंड तापतात आणि तेवढ्यात वरच्या टाकीतून गार पाणी येतं. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत हे फार होतं. सोलरला पाणी देणारी टाकी कधी कोरडी पडू देऊ नका. पडलीच, तर सूर्य मावळेपर्यंत भरू नका.

साफसफाई वर्षातून एकदा, पहाटे, नळ्या गार असताना. टाकी रिकामी करायची, नळी हलकेच फिरवत वर सरकवायची, म्हणजे खालचं टोक सुटतं, मग तिरकी करून काढायची. आत लिंबूसत्वाचं द्रावण (लिटरला ५० ग्रॅम) भरून तासभर ठेवायचं आणि मऊ, लांब ब्रशने धुवायचं. नळीच्या टोकाची आतली चंदेरी झाक जाऊन पांढरट दिसत असेल तर तिच्यातली निर्वात पोकळी गेली. ती धुऊन उपयोग नाही, बदलावीच लागेल. सिलिकॉनच्या रिंगा कडक झाल्या असतील तर नव्या घाला. बसवताना त्यांना साबणाचं पाणी लावा, तेल नको.

टाकीच्या वरचा हवेचा पाइपही पाहा. त्याच्या तोंडाशी चुना धरून तो बुजला तर टाकी फुगते किंवा आत दबते. दुरुस्तीवाले याकडे क्वचित पाहतात आणि नुकसान मात्र पूर्ण टाकीचं होतं.

एप्रिल-मेमध्ये गरम पाणी कमी लागतं, सोलर मात्र ८० अंशांपर्यंत तापतो आणि सगळ्यात जास्त थर तेव्हाच बसतो. निम्म्या नळ्यांवर पोतं टाका. नवा घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : बोअरच्या पाण्यावर तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पत्र्याचा सोलर थेट लावू नये, त्या नळ्या बुजतात आणि साफ करायला हात जात नाही. घ्यायचाच तर हीट एक्स्चेंजर असलेला घ्या, म्हणजे बोअरचं पाणी त्या बारीक नळ्यांत जात नाही.

प्रश्न : आरओचं मेम्ब्रेन वर्षभरही टिकत नाही. वाया जाणारं पाणी साठवून वॉशिंग मशीनला वापरते, ते योग्य आहे ना? — गृहिणी, चिकोडी

उत्तर : पाणी वाया जाऊ नये ही तुमची तळमळ रास्त आहे, पण ते पाणी मशीनला देऊ नका. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर जात असेल, तर बोअरचं ६०० काठिण्य त्या तीन लिटरांत ८०० होतं. लादी पुसायला, संडासात ओतायला ते चांगलं आहे. कुंड्यांना रोज नको.

मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा, लवकर जाण्याचं कारणही त्याच हिशेबात आहे. 'कमी पाणी वाया' असं सांगून तंत्रज्ञाने बाहेरची धार बारीक केली असेल आणि एकास एक प्रमाण झालं असेल, तर आतलं पाणी १२०० पर्यंत जातं आणि चुना मेम्ब्रेनवरच बसतो. बाहेरची धार मोजून पाहा. एक लिटरचं भांडं भरायला दोन्ही नळ्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर बघितलं की प्रमाण कळतं. मेम्ब्रेनच्या आधी थर रोखणारं कार्ट्रिज असतं, ते वेळेवर बदला. आणि पिण्यासाठी नदीचं पाणी येत असेल, त्याचा टीडीएस ५०० च्या आत असेल आणि तपासणीत फ्लोराइड, नायट्रेट असं काही निघालं नसेल, तर आरओची गरजच नाही. जंतू मारणारा यूव्ही किंवा जंतू गाळणारा यूएफ फिल्टर पुरे.

प्रश्न : पाइपला बाहेरून चुंबक बांधलं की काठिण्य जातं, असं सांगून एक जण उपकरण विकतो आहे. — वाचक, गोकाक

उत्तर : कॅल्शियम पाण्यातून काढल्याशिवाय काठिण्य जात नाही आणि चुंबक काहीच काढत नाही. थेंबांच्या किटने आधी आणि नंतर त्याच्याच समोर तपासा. आकडा तोच येईल. पैसे घालवू नका.

प्रश्न : आमच्याकडे फक्त बोअर आहे, नदीचं पाणी नाही. काठिण्य ५०० आलं. २५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर सुचवला आहे. घ्यावा का? — शेतकरी, रायबाग तालुका

उत्तर : घ्या, पण पूर्ण घराला नको. रेझिनचे मणी कॅल्शियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम काठिण्य धरतं. म्हणजे २५ लिटरला १२५० ग्रॅम, आणि तुमच्या पाण्यावर सुमारे २५०० लिटर. रोज ३०० लिटर वापरलं तर आठ दिवसांनी मिठाने पुन्हा ताजं करावं लागेल, दर वेळी साडेतीन किलोच्या आसपास मीठ. शेतालाही तेच पाणी जोडलं तर रोज मीठ घालत बसाल. म्हणून लाइन फक्त गीझर, मशीन आणि न्हाणीला.

तुमच्या पाण्यात सॉफ्टनरनंतर लिटरला सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढेल. घरात रक्तदाबाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर ते पाणी पिऊ नये. स्वयंपाकघराचा एक नळ सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्या. सर्वांत महत्त्वाचं, सॉफ्टनरचं पाणी आणि त्याचं मिठाचं धुवण शेतात किंवा परसात सोडू नका. आपल्या काळ्या जमिनीत सोडियम गेलं की माती चोपण होते, पाणी मुरत नाही, आणि ती सुधारायला जिप्सम घालून वर्षं जातात. उसाच्या पट्ट्यात हे दुखणं आधीच आहे, त्यात भर नको.

प्रश्न : गीझर, बादल्या, पांढरे कपडे, सगळ्यावर तांबूस डाग पडतात. सॉफ्टनर लावावा का? — वाचक, खानापूर

उत्तर : नको. तुमच्याकडचा त्रास चुन्याचा नाही, लोहाचा आहे. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीतलं पाणी सहसा मऊच असतं, पण त्यात लोह असतं. काचेच्या ग्लासात पाणी भरून रात्रभर ठेवा. काढताना स्वच्छ दिसलेलं पाणी सकाळी पिवळसर झालं आणि तळाशी गाळ बसला, तर खात्री झाली. असं पाणी सॉफ्टनरमध्ये सोडलं तर रेझिनचे मणी गंजाने माखून निकामी होतात.

पाणी टाकीत उंचावरून, शॉवरच्या चाळणीतून पडू द्या, म्हणजे हवा लागून लोह बाहेर पडतं. रात्रभर निवळू द्या आणि टाकीचा नळ तळापासून वीतभर वर बसवा. एवढ्याने भागलं नाही तर लोह काढणारा वाळूचा फिल्टर घ्या. कपड्यांवरच्या डागांना ब्लीच लावू नका, डाग पक्का होतो. लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून मग धुवा.

प्रश्न : वाफेची इस्त्री पांढरे ठिपके सोडते. बॅटरीचं पाणी चालेल का? — वाचक, बेळगाव

उत्तर : बाटलीवर 'डिस्टिल्ड वॉटर' किंवा 'डिमिनरलाइज्ड वॉटर' असेल तर चालेल. 'बॅटरी अॅसिड' असेल तर हातही लावू नका, पेट्रोल पंपावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात. शहराच्या नळाला राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी येत असेल तर तेही चालतं. फक्त काम झाल्यावर इस्त्री गरम असतानाच उरलेलं पाणी ओतून टाका. आत ठेवलेलं पाणी आटलं की ठिपके पडतातच.